बस्तीतून सोडलेलं पाणी

पायगोंडांनी जैनांच्या दशलक्षण पर्वातला आपला त्याग जाहीर केला तो बस्तीतल्या, म्हणजे जैन देवळातल्या, माइकवरून. मनातल्या मनात सोडायच्या गोष्टीही त्यांना माइकवरच सोडता यायच्या.

"दहा दिवस मी बस्तीतच राहणार. मौन पाळणार. धंद्याचा विचारसुद्धा करणार नाही. उसाच्या रोपांची नर्सरी उद्यापासून गुणमाला बघेल. ही खेप तिनं नीट पार पाडली, तर नर्सरी कायमची तिच्याकडं!"

वारणाकाठच्या त्या गावानं टाळ्या वाजवल्या. बायकांच्या रांगेत गुणमालाबाईंनी नुसता पदर सावरला. अकरा वर्षं रोपं त्याच वाढवत होत्या, आणि पायगोंडा गिऱ्हाइकांना चहा पाजत होते. पण सगळं गाव ऐकत असताना नवऱ्यानं शब्द दिला होता. तो त्यांनी गाठीला बांधला.

घरी येताच त्यागी पुरुषानं पहिला फोन केला तो वीरधवलला. हा मूळचा वडूजचा, फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून आता सांगलीत नेटची कामं करणारा. शेडनेटमधले फवारे घरच्या कंप्युटरवरून सुरू-बंद करायची सोय त्यानंच करून दिली होती.

"बस्तीत बसून हा कंप्युटर उघडता आला पायजे," पायगोंडा म्हणाले.

"आप्पा, तुमी तर समदं सोडलंय म्हणं?"

"सोडलंयच की. पण आग लागली, चोर आला, तर? अडीअडचणीला असावं."

वीरधवलनं राउटरचं पान उघडलं. कंप्युटरचा घरातला पत्ता पक्का केला, रिमोट डेस्कटॉप चालू केला. "नुसतं पोर्ट उघडून ठिवलं तर जगातलं कुणीबी दार ठोठावंल, आप्पा. राउटरवर व्हीपीएन घालतो. कुलपाच्या आतनं ये-जा करा."

"काय घालायचं त्ये घाल गड्या. मला दोन बोटांत उघडलं पायजे."

काम संपवून वीरधवल गुणमालाबाईंकडे वळला. "वयनी, आप्पा तिकडनं आत शिरले की हितला कंप्युटरचा पडदा आपसूक बंद हुईल. बिघडला म्हणून घाबरू नगा."

"बरं झालं सांगितलंत," गुणमालाबाई हळूच म्हणाल्या. "कळंल तरी."

पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. पूजा, जप आटोपून गुणमालाबाई ट्रेवर लावायच्या चिठ्ठ्या कंप्युटरवर टाइप करत बसल्या होत्या. दहाच्या सुमाराला पडदा बंद झाला. आग लागली नव्हती. चोरही आला नव्हता. हात जुळवून त्या पाच मिनिटं बसून राहिल्या. पडदा पुन्हा उघडला तेव्हा फवारे चालू होते. त्यांनी ते बंद केले.

तिसरा दिवस आर्जवाचा, म्हणजे सरळपणाचा. त्या दिवशी पडदा तीनदा बंद झाला. पोथीच्या पिशवीत लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस किती सरळ असतो, ते घरबसल्या दिसत होतं.

पाण्याचं मात्र असं नुसतं बघून भागणार नव्हतं. कोरेगावचे लालासाहेब पर्व संपताच दहा हजार रोपं न्यायला येणार होते. न्यायच्या आधी रोपांचं पाणी तोडावं लागतं. लाडावलेलं रोप रानात गेलं की मान टाकतं. गुणमालाबाई पाणी तोडत, आणि बस्तीतले महात्मा पडद्यावर ओलाव्याचा आकडा लाल झालेला बघून फवारे सोडत. पाचव्या दिवशी ट्रेच्या कडेला दोन-चार रोपं बुडातून कुजलेली सापडली. अशीच खेप गेली, तर दोष कुणाच्या पदरात पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नवऱ्याचं व्रत मोडलंय, हे गावभर सांगणं गुणमालाबाईंच्या नेमात बसत नव्हतं. पाण्याचा वॉल बंद करणं बसत होतं.

सहाव्या दिवशी, संयमाच्या, त्यांनी टाकीजवळचा वॉल हातानं घट्ट फिरवला आणि झारी घेतली. जिथं लागेल तिथंच पाणी. आता बस्तीतून बटण कितीही दाबावं.

दुसऱ्या दिवशी त्या पूजेला गेल्या, तर पायगोंडांचे डोळे तांबडे झालेले. मौन असल्यामुळे त्यांनी बायकोकडे बघत बोटांनी पाणी शिंपडून दाखवलं. एकदा, दोनदा, जोरजोरात. बस्तीचे पुजारी उपाध्ये गहिवरले. "केवढी भक्ती!" म्हणत त्यांनी पायगोंडांच्या तळहातावर मूर्तीच्या अभिषेकाचं गंधोदक घातलं. पायगोंडांनी ते मुकाट्यानं डोळ्यांना लावलं. गुणमालाबाईंनी मान खाली घालून प्रदक्षिणा पुरी केली.

पर्व संपलं. क्षमावणीला मंडपात पायगोंडांचा सत्कार ठरला. गुणमालाबाई लालासाहेबांना शेडनेटमध्ये रोपं दाखवून त्यांच्यासोबतच मंडपात आल्या. उपाध्यांनी शालीची घडी मोडली आणि म्हणाले, "दहा दिवसांच्या मौनानंतर दोन शब्द बोला."

पायगोंडांनी माइक धरला. दहा दिवस तुंबलेलं एकदम फुटलं.

"काय बोलू? हिनं रोपं वाळवून ठेवली! संयमाच्या दिवसापासून ट्रेला एक थेंब न्हाई! परवा मी चार वेळा पाणी सोडलं, चार वेळा! तरी आकडा लालच!"

उपाध्यांनी उघडलेली शाल हातातच धरली.

"कुठनं सोडलं?" उपाध्यांनी विचारलं.

पायगोंडांचं मौन परत आलं. या खेपेला खरं होतं.

लालासाहेबांच्या हातात एक रोप होतं. "वाळली कुठं? ह्यो बघा मुळांचा गड्डा, चिमूटभर माती सांडंना. ताठ उभं हाय. लय दिवसांनी असलं रोप बघतोय. आवं बाई, फुडल्या खेपंला फोन कुणाला लावायचा?"

"मला," गुणमालाबाई म्हणाल्या. एवढ्या हळू, की मागच्या रांगेनं पुढच्या रांगेला विचारून घेतलं.

उपाध्यांनी शालीची घडी पुन्हा घातली आणि खुर्चीवर ठेवली. "मौन आणखी चार दिवस धरलं असतं तर शाल मिळाली असती," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी सगळे एकमेकांची क्षमा मागत फिरत होते. पायगोंडांनी गावाला हात जोडले, वीरधवललाही जोडले. बायकोपुढे आले ते सगळ्यात शेवटी. हात जोडलेले, नजर जमिनीला. म्हणाले,

"त्यो कंप्युटरचा पासवर्ड... बदललास व्हय?"

"व्हय," गुणमालाबाई म्हणाल्या आणि हात जोडले. "उत्तम क्षमा."