निळ्याच्या मधोमध

हिऱ्याच्या पट्ट्याला दात नसतात. हे नटूला चांगलं ठाऊक होतं, तरी पट्टा हातात येताच त्याचा अंगठा आपोआप कडेवरून दात चाचपत फिरला. चाळीस वर्षं लाकूड कापायच्या करवती लावण्यात गेली होती. अंगठ्याची समजूत कोण घालणार? कडेला फक्त बारीक खरखर लागली, मांजराच्या जिभेसारखी. ती खरखर म्हणजेच हिऱ्याची कणी. काच कापणार ती.

नटू हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. लहानपणी खिशात नट-बोल्ट खुळखुळवत फिरायचा म्हणून थोरल्या बहिणीने ते ठेवलं, आणि आता साठी जवळ आली तरी ते सुटलं नव्हतं. ही करवतही त्याने त्याच बहिणीसाठी लावली होती. ताई काच ओतायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्यात तिची भट्टी होती, आणि आज कापायचा ठोकळा त्याच भट्टीतून परवा बाहेर आला होता.

ठोकळा वीतभर उंच, दीड वीत लांब, चार बोटं जाड. स्वच्छ पाण्यासारखी काच, आणि तिच्या बरोबर मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, निळ्या रंगाचा एक उभा पडदा. जाडी जेमतेम सहा मिलिमीटर. करवत त्या पडद्याच्या मधूनच जायला हवी होती, म्हणजे पुस्तक उघडल्यासारखे दोन सारखे भाग निघणार, दोघांच्या अंगावर तोच निळा. वाचनालयाच्या नव्या दाराच्या दोन फळ्यांत ते बसणार होते. करवत इकडे-तिकडे सरली तर एकाला सगळा निळा आणि दुसऱ्याच्या हाती धुपाटणं.

आधीचे दोन ठोकळे वाया गेले होते. पहिला निवताना तडकला, दुसऱ्यात पडदा धुरासारखा पसरला. हा तिसरा, एकोणीस दिवस भट्टीत निवत पडलेला. आणि चौथा होणार नव्हता. पडद्याची निळी भुकटी करणारा म्हातारा काम सोडून मुलीकडे राहायला गेला होता, आणि त्याच्या हाताचा निळा दुसऱ्या कुणाला साधत नव्हता.

नटूने पट्टा वरच्या आणि खालच्या चाकावर चढवला. ताण दिला. चाक हाताने फिरवून पट्टा त्यावरच्या रबराच्या मधोमध चालतोय का ते पाहिलं, मग पाणी सोडून पुन्हा पाहिलं, कारण रबर ओलं झालं की पट्टा पुढे सरकायला बघतो. दोन्ही बाजूंचे आधार पट्ट्याला इतके जवळ आणले की मधून कागदाचा कपटा तेवढा जावा. मग मेजावर गुण्या उभा करून पट्टा काटकोनात आहे ना ते पाहिलं. गुण्या आणि पट्टा यांच्या मधून उजेडाची रेघही दिसेना.

"जमलं?" ताईने विचारलं.

"उजेड जात नाही मधून. ये, बघ."

ताईने वाकून पाहिलं. मेजावर हात ठेवून थोडा जोर दिला. "हे पूर्वीचं बिडाचं मेज नाही ना?"

"ते पाण्याने गंजलं असतं. हे ॲल्युमिनियमचं आहे, मी स्वतः बसवलंय."

"वजन पेलेल?"

"हत्ती उभा कर."

"हत्ती कापायचा असेल तर ताईला विचारून घ्या, मेहुणेबुवा," कोपऱ्यातून भावोजी म्हणाले. पाण्याच्या पंपाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बादली, पंप, नळी आणि स्वतः भावोजी, एवढा तो विभाग होता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बायकोच्या कारखान्यात ते असंच एखादं काम मागून घ्यायचे आणि ते करताना तोंड चालू ठेवायचे.

कोणी हसलं नाही. ताईने आणि नटूने मिळून ठोकळा उचलून मेजावर आडपट्टीला टेकवला. ठोकळ्यामागून दोरी घेतली, ती मेजाच्या पलीकडच्या कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला वाळूची पिशवी बांधली. हाताने ढकललं तर जोर कमी-जास्त होतो. पिशवीला राग-लोभ नसतो. मिनिटाला दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन तास तरी. नटूने बटण दाबलं. पट्टा काचेला लागला तेव्हा आधी किर्र झालं, मग आवाज खाली उतरला आणि एकसारखा, जाड गुरगुराट सुरू झाला.

"असाच राहायला हवा," नटू म्हणाला.

पहिला अर्धा तास तिघंही उभी होती. मग ताई शेजारच्या खोलीत गेली. मला बघवत नाही, असं ती म्हणाली नाही. तिकडे साचे धुवायचे आहेत, असं म्हणाली.

तासाभराने नटू ठोकळ्याच्या पलीकडच्या बाजूला गेला. कापातून येणारा पांढरा गाळ काचेवर दुधासारखा पसरला होता आणि खालचं काही दिसत नव्हतं. त्याने ओल्या फडक्याने पट्ट्यापलीकडे गेलेलं टोक पुसलं आणि खाली वाकला.

तळाशी काप निळ्याच्या बरोबर मध्यावर होता. वर जाताजाता तो डावीकडे सरकत होता. अगदी वरच्या कडेला डाव्या बाजूचा निळा उजवीपेक्षा बारीक दिसत होता. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग वरचा पृष्ठभाग पुसला. तिथे कापाची रेघ निळ्या पट्टीतून चालली होती, पण सरळ नाही. जसजशी आत गेली तसतशी डावीकडे, केसाकेसाने.

नटूने फडकं खाली ठेवलं.

पट्टा वाकला असता तर काप मध्यावर फुगला असता. तो फुगला नव्हता, तिरका होता. म्हणजे पट्टा सरळ होता आणि ठोकळाच कलला होता. त्याने मेजाच्या उजव्या कडेखाली बोटं घातली. मेज दबलं होतं. गुण्या लावला तेव्हा ते रिकामं होतं. रिकाम्या मेजावर त्याने काटकोन पाहिला आणि वर चौदा किलो ठेवले. लाकडाच्या फळ्या कापताना बिडाच्या मेजावर त्याने जन्मभर असंच केलं होतं आणि जन्मभर ते चाललं होतं. त्यात मेजाखालचा आधार पुढच्या बाजूला होता. ठोकळा जसजसा मागे सरकेल तसतशी उजवी कड अजून दबणार. शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत वरच्या बाजूचा सगळा निळा उजवीकडे गेलेला असणार.

"काय झालं?" भावोजींनी विचारलं.

"काही नाही. पाणी थोडं वाढवा."

त्याने पाणी वाढवायला का सांगितलं ते त्यालाही कळलं नाही. डोकं भराभर चालत होतं. मशीन बंद करून ठोकळा मागे ओढावा? ओढताना पट्टा अडकून चाकावरून निसटला तर कापाच्या तोंडाशी काच फुटणार. मेज एका झटक्यात वर उचलावं? आधीचा काप तिरका, नवा सरळ. मधे पट्टा चिमटणार आणि ठोकळा टरबुजासारखा उकलणार. हळूहळू उचललं तर कदाचित. कदाचित या शब्दावर स्वतःच्या ताईची काच टांगायला त्याचं मन धजेना. आणि तिला न सांगता ते करणं म्हणजे चोरी, हेही त्याला दिसत होतं.

तो तसाच उभा असताना ताई दारात आली. हात पदराला पुसत ती जवळ आली आणि वाकली. तिने बराच वेळ पाहिलं. नटूला तिच्या मानेवरचा पांढरा केस न् केस दिसत होता.

"पडदा वाकडा बसलाय," ती म्हणाली.

नटूने खालचं फडकं उचललं.

"मला तेव्हाच शंका आली होती. भट्टी डावीकडून जास्त तापते. काच वाहिली असणार, आणि पडदा कलला असणार." ती सरळ उभी राहिली. आवाज अगदी साधा होता. "तीन वेळा केलं, तिन्ही वेळा माझंच काहीतरी चुकलं. आता हात राहिला नाही बहुतेक."

भावोजींनी नळीकडे पाहिलं. नटूला वाटलं, गप्प बसायला काहीच लागणार नाही. तिने स्वतःच दार उघडून दिलं होतं. काच कापून होईल, फिकी निघेल, आणि ताई पुन्हा काही ओतणार नाही. कुणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही.

"पडदा सरळ आहे," तो म्हणाला.

"मला दिसतंय की."

"तळाशी बघ. मध्यावर आहे. मेज दबलंय, ताई. मी रिकाम्या मेजावर गुण्या लावला. वजन ठेवून बघायला हवं होतं. बघितलं नाही."

पट्टा गुरगुरत राहिला. त्या आवाजात दर मिनिटाला दीड-दोन मिलिमीटर चुकीचं कापलं जात होतं हे तिघांनाही कळत होतं.

"हत्ती," ताई म्हणाली.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"दहा मिनिटं झाली."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. "दहा मिनिटं म्हणजे पंधरा मिलिमीटर," ती म्हणाली. "आता काय करता येतं ते सांग. काय करता येत नाही ते नको सांगूस."

त्याने सांगितलं. उजव्या कडेखाली जॅक लावायचा. दर पाच मिनिटांनी स्क्रूचा पाव फेरा. काप आणि पट्टा यांच्यात केसाएवढी मोकळीक असते, तेवढ्यातच मेज सरळ करत न्यायचं. घाई केली तर पट्टा चिमटेल. चिमटायच्या आधी आवाज चढेल. तो चढला की लगेच पाव फेरा मागे.

"आणि आवाज न चढता फुटली तर?"

"तर फुटली."

ताईने क्षणभर डोळे मिटले. मग भावोजींकडे वळून म्हणाली, "अहो, गाडीचा जॅक आणा."

"गाडीचा?"

"मग काय सायकलचा?"

भावोजी एरवी यावर दोन वाक्यं बोलले असते. आज ते पळत गेले. या वयात ते पळतात हे नटूने पहिल्यांदाच पाहिलं.

जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून नटू मेजाखाली आडवा झाला. फरशीवरचं पाणी पाठीला लागलं. त्याने स्क्रू इतका वर आणला की लाकूड मेजाला नुसतं टेकलं. "ऐक," तो खालून म्हणाला, "मला इथे पंपाचा आवाज जास्त येतो. पट्ट्याकडे कान तू दे."

"दे पाव फेरा."

त्याने दिला. गुरगुराट तसाच राहिला. ताईने मनात आकडे मोजले असावेत, कारण बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ठीक."

पाच मिनिटं. पुन्हा पाव फेरा. ठीक. पुन्हा. चौथ्या वेळी त्याचा हात ओला होता आणि दांडा जरा जास्त फिरला. वरून एक बारीक शीळ आली, किटलीची असते तशी.

"मागे," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दोन्ही हात ठोकळ्याच्या बाजूंना टेकवले, जणू फुटली तर ती हातांनी धरणार होती.

त्याने मागे घेतला. शीळ राहिली. अजून थोडा मागे. शीळ राहिली, मग तुटक झाली, मग त्या जाड आवाजात बुडाली. पंपाजवळ भावोजींनी श्वास सोडला तो खालपर्यंत ऐकू आला.

"हात काढ तिथून," नटू म्हणाला. "फुटली तर बोटं जातील."

"तू तुझं बघ."

त्यानंतर दर पाच मिनिटांचं दहा मिनिटांवर नेलं आणि पाव फेऱ्याचं त्याच्याही अर्ध्यावर आणलं. उन्हाचा पट्टा फरशीवरून भिंतीवर चढला. भावोजींनी दोनदा बादली भरली. ताई अधूनमधून गाळ पुसून पाहत होती, पण काय दिसतं ते सांगत नव्हती, आणि नटू विचारत नव्हता.

शेवटचा बोटभर भाग राहिला तेव्हा तो मेजाखालून बाहेर आला. पाय वळले होते. टोकाशी काच सर्वांत जास्त फुटते, म्हणून त्याने वाळूची पिशवी सोडली आणि दोन्ही अंगठ्यांनी ठोकळा स्वतः पुढे नेला, इतका हळू की नेतोय हे दिसू नये. दोन्ही भाग वेगळे होताना टक् असा लहानसा आवाज झाला. ताईने डावा धरला, त्याने उजवा. भावोजींनी बटण बंद केलं.

ताईने दोन्ही भाग पाण्याने धुतले आणि खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी उभे केले. नंतर कापलेला निम्मा भाग दोन्हीकडे सारखा होता. त्याच्या आधीच्या भागात, वरच्या कडेशी, डाव्यातला निळा पातळ होत होत जवळजवळ आकाशाएवढा फिका झाला होता. पण होता. बोट ठेवून तिने त्या फिक्या जागेची लांबी मोजली. चार बोटं भरली.

"चालेल?" भावोजींनी विचारलं.

"मी बनवलं ते असं नव्हतं," ताई म्हणाली.

नटू मशीनकडे गेला.

"वाचनालयात फोन करते," ती म्हणाली. "दोन्ही झाले म्हणून सांगते. एकाची वरची कड फिकी आहे आणि का फिकी आहे, तेही सांगते. घेतील तर घेतील."

"मी सांगतो. चूक माझी आहे."

"काच माझी आहे. मी सांगेन." तिने फिक्या जागेवरचं पाणी पुसलं. "वाचनालयाचं दार उत्तरेकडे आहे. तिथे उजेड कमी येतो, दिसायचं नाही फारसं. पण मला दिसेल."

"मलाही," नटू म्हणाला.

भावोजी बादली रिकामी करायला बाहेर गेले. नटू पाना घेऊन ॲल्युमिनियमच्या मेजाखाली पुन्हा शिरला आणि आधाराचे बोल्ट चाचपू लागला. पहिला बोल्ट गाळाने घट्ट बसला होता. आत अंधार होता. त्याने दोनदा पाना लावला, दोनदा तो घसरला. मग अचानक उजेड पडला. ताई शेजारी उकिडवी बसली होती, हातात टॉर्च.

"थोडा डावीकडे धर," तो म्हणाला.

तिने धरला.