पूजेला मांडलेली बॅटरी

मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. खंडेनवमीच्या सकाळपर्यंत कुणी मला खोटं पाडलं नव्हतं, एवढंच.

वडगावात आमचे चार यंत्रमाग. माझी आई मालुबाई चाळीस वर्षं त्यांच्यापाशी उभी राहिली, पण तिने समुद्र पाहिला नव्हता. म्हणून मी एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला, आत दोन पलंग, शेगडी आणि पंखा बसवला, आणि दसरा झाला की तिला कारवारला न्यायचं ठरवलं. दिव्या-पंख्यासाठी पलंगाखाली एक मोठी, पाणी घालायची बॅटरी होती. ती पिरनवाडीच्या भावकूअण्णाने बसवून दिली आणि जाताना बजावलं, "शिवराज, चार्जिंगला लावलीस की दारं-खिडक्या उघडी ठेव. गॅस सुटतोय तिच्यातनं. दिसत न्हाय, वास येत न्हाय. वर काय झाकायचं न्हाय, जवळ काडी पेटवायची न्हाय. घरातल्यांस्नी बी सांग."

"व्हय अण्णा, कळतंय मला," मी म्हणालो. बी.एस्सी. झालेल्या माणसाला हा काय शिकवतो, असं मनात आलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे माग बंद असतात. ते पुसून, हळदकुंकू लावून, प्रत्येकावर नवी साडी पांघरून पूजा होते. आदल्या संध्याकाळी मी बॅटरी चार्जिंगला लावली आणि दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या. का, तर नव्या गाद्यांवर गल्लीतलं मांजर बसू नये. सकाळी आईला म्हणालो, "मागांबरोबर गाडीची पण पूजा कर." आणि चहा घेऊन पायरीवर बसलो.

तिने सगळं रीतसर केलं. गाडीत जाऊन पलंगाची फळी काढली, बॅटरीवर साडी पांघरली, वर झेंडू ठेवला, दार लावून घेतलं आणि मागांची पूजा करायला गेली. तासाभराने पेटतं निरांजन घेऊन गाडीकडे आली. माझ्या समोरून गेली. मी पाय आखडून तिला वाट दिली.

मोठा आवाज झाला. कुणीतरी फटाका लावला असं वाटून मी हसलोसुद्धा.

मग आई गाडीच्या दारात दिसली. तोंड ओलं होतं, आणि ते पाणी नव्हतं, बॅटरीतलं ॲसिड होतं. माझी बायको मनिषा अंगणातली नळी घेऊन धावली. "आत्या, डोळं उघडा! पाणी लागू दे!" ती ओरडत होती आणि आईचा चेहरा धरून पाणी मारत होती. मी तसाच बसून होतो. हातातला कपसुद्धा खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

उजवा डोळा गेला. लगेच पाणी मारलं म्हणून डावा वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

दहा दिवसांनी आईला घरी आणलं. शेजारची अंबुबाई भेटायला आली आणि देवी कोपली म्हणून हळहळली. आईने मान हलवली. "माझंच चुकलं गं. बॅटरीवरच्या साडीचा काठ उसवला हुता. मला दिसलं हुतं. झाकल्यावर कोण बघतंय म्हणून तसलीच घातली. आता वरीसभर अनवाणी चालनार मी."

मनिषाने माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यातही ती दहा दिवस अशीच पाहत होती. लाजेने मला बसवेना. अंबुबाई गेल्यावर मी आईसमोर बसून सगळं सांगितलं. गॅस, बंद खिडक्या, मांजर, भावकूअण्णा.

आईने विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मी दिवा घिऊन तुझ्या म्होरनं गेले की रं."

ती भिंतीला हात लावत उठली आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन तिने हात जोडले.

"आई, माफ कर," ती देवीला म्हणाली. "तूच कोपून डोळा नेलास म्हणून धा दीस तुला उगंच दोष दिला."

मग तिने चपला शोधून पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली.