सरायची पाटी

आमच्या खोऱ्यात पत्ता म्हणून घराचा नंबर कुणी देत नाही. "सरायच्या पाटीपाशी डावीकडे वळा," एवढं सांगितलं की झालं. घोडागाड्यांची ती जुनी सराय कधीच पडली, पण रस्त्याकडेला खांबावर लोखंडी पाटी आहे, तिच्यावर इतिहासाच्या चार ओळी.

मंगळवारी दुपारी डेल्मर, माझा नवरा, छाती धरून सोफ्यावर कोसळला. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केला तेव्हा सवयीनं मी तेच सांगितलं. फोन ठेवला आणि पायाखालची वाळू सरकली. पाटी होती आमच्या गोठ्यात. रंग उडालाय म्हणून इतिहास मंडळाच्या मागे लागून मीच ती शनिवारी रंगवायला उतरवून आणली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

परत फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "बाई, गाडी डोंगरात शिरली. आता रेडिओ लागत नाही."

म्हणजे ते सरळ पुढं जाणार, आणि पुढं अकरा मैल नुसतं जंगल. डेल्मरचे ओठ पांढरे पडले होते, डोळे मिटलेले. "आलेच मी," म्हटलं. ऐकलं की नाही, देव जाणे. गेले नाही तर गाडी येत नाही. गेले आणि तेवढ्यात काही झालं तर? पुढचा विचार मी केलाच नाही, पिकअप काढली.

लांबून दिसावं म्हणून घरातून उचललेला पलंगपोस धरून रिकाम्या खांबाजवळ उभी राहिले. जीव नुसता टांगणीला. एक गाडी थांबली, तर आत कॅमेरा घेतलेलं म्हातारं जोडपं.

"इथं सरायची पाटी होती ना हो?"

"आता मीच पाटी आहे," मी खेकसले. "व्हा पुढं, वाट मोकळी करा."

बिचारे घाबरून गेले. त्यानंतर पाच-सात मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्स भरधाव आली. मी रस्त्याच्या मधोमध धावले तेव्हा कुठं ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

घरी पोचलो तेव्हा डेल्मर जिवंत होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी लावलेला मास्क त्यानं हातानं बाजूला केला.

"किती हाका मारल्या, आर्डिथ," तो म्हणाला. "मग वाटलं, तुला बघवलं नाही, म्हणून निघून गेलीस."

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी मास्क परत लावला आणि त्याला उचलून बाहेर नेलं.