भट्टीच्या वहीवरचा शेरा

दत्तोपंत काकांनी मले सहा वर्षं फसवलं. माणूस चांगला आहे हो, म्हणून तर जास्त आग होते.

काका रायपूरच्या बुढापाऱ्यातले मराठीचे रिटायर मास्तर. मी गावाबाहेर सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, ऑफिसात. घरी मी मराठीत बोलली तर माझी पोट्टी हिंदीत उत्तर देते, म्हणून माझ्या गोष्टी वाचणारे एकटे काकाच. त्यांनीच सांगितलं होतं, रोज एक पान लिही, कंटाळा आला तरी लिही. वर्षाची एक वही भरायची, खाकी कव्हर घालून त्यांना द्यायची. पंधरा दिवसांनी शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा यायचा, ‘पात्रं जिवंत झाली. लिहीत राहा.’ असे पाच शेरे जमले. त्यांच्या भरवशावर मी नागपूरच्या प्रकाशकाले पुस्तक देते म्हणून सांगून बसली.

सहाव्या वर्षी घाईत घोटाळा झाला. ऑफिसच्या वह्यांलेही मी तसंच कव्हर घालते. काकांकडे गेली ती भट्टीच्या रोजच्या नोंदींची जुनी वही. ती परत आली तेव्हा मले कळलं. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, भट्टी नंबर दोन बंद, मिस्त्री आला नाही. त्याखाली लाल शाई, ‘शेवट काळजाला भिडला. लिहीत राहा.’

आधी मले हसू आलं. मग आधीचे पाच शेरे आठवले. तशीच स्कूटर काढली, वही काकांपुढे उघडून ठेवली अन् विचारलं, काहून केलं असं? काकांनी चष्मा पुसून स्वतःचाच शेरा वाचला.

“पहिली वही वाचली होती, बेटा. फार वाईट होती. खरं सांगितलं असतं तर तू दुसरी लिहिली असती का?”

“अन् बाकीच्या?”

“वाचल्या असत्या तर खरं लिहावं लागलं असतं.”

मी चहा न घेताच निघाली. घरी लाल पेन घेऊन सगळ्या वह्या काढल्या. पहिली खरंच वाईट होती, एका पानावर तीनदा चंद्र. दुसरीतही खोडाखोडच झाली. पाचवीत पेन कमी चालला.

सहावी माझ्या पिशवीतच राहिली होती. तिच्या शेवटच्या पानावर मिस्त्रीची बायको डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर उभी आहे, अन् तो आज कामावर आलाच नाही हे तिले सांगायची माझी हिंमत होत नाही. अख्खं पान वाचलं. एक शब्द खोडावासा वाटला नाही.

मले रडू फुटलं. हे पान मी काकांसाठी लिहिलं होतं, अन् आता ते त्यांना दाखवायची इच्छाच उरली नव्हती.