एकशे चौदा जणांनी घेतलेलं बियाणं

आमच्या कार्यालयात सात वर्षं मी हंगामी होते. म्हणजे हंगाम शेतकऱ्यांचे बदलायचे, माझी नुसती मुदतवाढ व्हायची. त्या वर्षी मात्र साहेबांनी शब्द दिला होता. गव्हाच्या नव्या बियाण्याचा अहवाल चांगला झाला, की मी कायम. चांगला म्हणजे कसा, हे विचारण्याइतकी मी दूधखुळी नाही.

आकडे तसे गुणी निघाले. नवं बियाणं घेणारे एकशे चौदा, न घेणारे ऐंशी, आणि घेणाऱ्यांचं उत्पन्न दीडपट. तक्ता पाहून साहेबांनी स्वतःच्या हातानं मला चहा ओतून दिला. सात वर्षांत पहिल्यांदा.

यादीत सगळ्यांत जास्त उत्पन्न माझ्या मामाचं होतं, तीस पोती. आई गेल्यावर मला वाढवलं ते यानंच. म्हटलं, जाऊन कौतुक तरी करावं.

मामा ओट्यावर बसून पंपाचा वायसर बदलत होता. "ते नवं होय? मी कुठं पेरलं?"

"फॉर्मवर सही आहे तुझी."

"सही पोतं घेतल्याची. तुमचा तो कृषी सहायक बिचारा उन्हातान्हात दारोदार फिरतो, त्याला नाही कसं म्हणायचं? आम्ही विहिरीवाल्यांनी सगळ्यांनी घेतलं आणि माळावरच्यांना देऊन टाकलं. आम्ही आपलं जुनंच पेरलं."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे घेणाऱ्यांनी पेरलं नव्हतं आणि न घेणाऱ्यांनी पेरलं होतं, तेही खडकाळ जमिनीत. राग तरी कोणावर काढायचा? फॉर्म माझाच. त्यात 'घेतलं का' होतं, 'पेरलं का' नव्हतं. अकरा पानी फॉर्म, जवळपास दोनशे घरं, आणि सिद्ध काय झालं, तर विहीर असलेली बरी.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, अहवाल वर गेला. तुम्हाला शंका काढायच्यात, की कायम व्हायचंय?"

मी फॉर्मचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. महिन्याभरात कायम झाल्याचं पत्र आलं. अहवालाच्या जोरावर बियाणे केंद्रातलं जुनं बियाणं बंद झालं, तेही त्याच महिन्यात. घरचं बी राखायची सवय गावातून कधीच गेली होती, त्यामुळे झाडून सगळ्यांनी नवं पेरलं.

पुढच्या पाहणीला मी कायम कर्मचारी म्हणून गेले. फॉर्मही सुधारून घेतला होता. मामाच्या ओट्यावर नऊ पोती रचलेली होती. मी दोनदा मोजली.

"नवं पेरलं का?"

"पेरलं."

"पोती किती झाली?"

"तीस लिही."

"मामा, नऊ आहेत. समोर दिसतायत."

"मलाही दिसतायत. पण तुझा अहवाल खोटा पडला तर तुला काढून टाकतील ना, पोरी?"

मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. मान खाली घालूनच मी तीस लिहिलं.