माल नावाशिवाय जात नाही

बेकरीवाल्याने फोन शिंपीणबाईंच्या मशीनवर आपटला, सुईच्या अगदी शेजारी.

"नीट बघा. आमचे ट्रे लोखंडाचे, ह्या फोटोतले लाकडाचे. मग हे उंदीर आमच्याकडचे कसे?"

"उंदीर कुठले ते मी कशाला बघत बसू?" बाईंनी कापड सोडलं नाही. "खाली तुमच्याच बेकरीचं नाव आहे की. पत्त्यासकट."

"पाठवलं कुणी?"

"चष्मेवाल्याने. खोटं बोलणारा माणूस नाही तो."

तीन दिवस पाव पडून होते. वसतिगृहाने रोजचे दोनशे बंद केले होते. वॉर्डनबाईंनी बजावलं होतं, हे कुणी पसरवलं ते संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर कायमचे बंद.

चष्मेवाला काच पुसत म्हणाला, "मला मास्तरांनी पाठवलं. एवढा शिकलेला माणूस!"

"लोकांना चष्मे लावता, आणि स्वतः आंधळे?"

मास्तर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "माझ्यावर कशाला डाफरतोस? तुझ्या घरच्याच माणसाने पाठवलंय म्हटल्यावर मी काय शंका घेणार? स्वतःच्या दुकानाची बदनामी कुणी उगाच करतं का?"

त्यांनी फोन पुढे केला. वरच्या गोलात त्याच्या वडिलांचा, आबांचा, टोपीतला फोटो होता.

बेकरीवाला तरातरा घरी आला. आबा कागदी पिशव्यांवर बेकरीचा शिक्का मारत बसले होते.

"सापडला का रे तो हरामखोर? दोन कानाखाली देतो त्याच्या."

"आबा, उंदरांचा फोटो तुम्ही पाठवलात?"

"पाठवला की. कुठल्या तरी परगावचा आहे तो. म्हटलं, बाहेर काय चालतं ते कळू दे लोकांना. खाली आपलं नाव घातलं, म्हणजे आपल्याकडे येतील." त्यांनी शिक्का दाबला. "आपला माल नावाशिवाय कधी गेलाय का?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं!" तो एवढ्या जोरात ओरडला की पिशव्यांचा गठ्ठा खाली घसरला. "अहो, पाठवायच्या आधी मला विचारायचं तरी!"

आबांचा हात हवेतच राहिला.

"विचारलं होतं रे."

त्याने फोन उघडला. सोमवार, पहाटेचे पाच. भट्टी पेटवायची वेळ. आबांचा मेसेज होता, 'बघून सांग, बरोबर आहे का. मग पाठवतो.' खाली त्याचाच अंगठा. वरचा फोटो अजून धूसर होता, मधोमध डाउनलोडचा बाण तसाच. त्याने तो उघडलाच नव्हता.

फोन वाजला. वॉर्डनबाई.

"सापडला का माणूस?"

आबा खाली वाकून एकेक पिशवी उचलत होते. "माझं नाव सांग," ते पुटपुटले.

"सापडला," तो फोनवर म्हणाला. "लिहून घ्या."

आणि त्याने स्वतःचं नाव सांगितलं. पत्त्यासकट.