बिनमापाची बाही

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की टेलर आधी गळ्यातली टेप हातात घ्यायचा आणि मग "या, बसा" म्हणायचा. मापाशिवाय तो साधी पिशवीसुद्धा बेतत नसे. अपवाद फक्त घरच्यांचा. "पोटच्या पोरीला टेप लावू? ती माझ्या हाताला पाठ आहे," असं तो छाती फुगवून सांगे. आजवर एकही कपडा फसला नव्हता, त्यामुळे त्याची बढाई खपूनही जाई.

पोर म्हणजे भिंगरी. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून हे नाव बापानेच ठेवलेलं. पण गेल्या वर्षी ही भिंगरी थांबली होती. आधीच दमा, त्यात करोना. मुलांच्या वॉर्डात ती ऑक्सिजनचा मास्क लावून पडून होती आणि शीर सापडत नाही म्हणून तिच्या हातांची पार चाळण झाली होती. टेलरचा सगळा जन्म सुईशी खेळण्यात गेलेला, पण त्या सुया पाहून त्यालाच घेरी आली. लेक त्याचं बोट धरून मुसमुसत होती. त्याने तिथेच शब्द देऊन टाकला, "एकदा घरी चल, बाळा. मग तुला कोणी म्हणजे कोणी टोचणार नाही."

ती घरी आली तेव्हा सगळे कपडे तिच्या अंगावर लोंबत होते. टेलरने एकेक कपडा उसवून लहान केला. त्या वेळी मशीनवर बसून तो किती रडला, ते फक्त बायकोला ठाऊक.

आणि आता तिच्या वयाच्या मुलांसाठी लस आली. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, "लस घेतली म्हणजे करोना होणारच नाही, असं नाही. पण पुन्हा अ‍ॅडमिट करायची वेळ येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. हिचा दमा बघता टाळू नका." टेलरने मान डोलावली आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं.

"शब्द तुम्ही दिलात, आता तुम्हीच निस्तरा," बायकोने हात झटकले.

बोलण्याचा धीर होईना, तेव्हा त्याने हातांना कामाला लावलं. मनगटापर्यंत घट्ट बाह्यांचा ड्रेस भिंगरी कधीची मागत होती. त्याने तो अगदी जीव ओतून शिवला.

"कुठे जायचंय?" ड्रेस पाहताच भिंगरीने विचारलं. "लस ना? आईने सांगितलं. ही लाच आहे का, बाबा?"

"छे! लाच कसली," टेलर टेपशी चाळा करत म्हणाला.

"तुम्ही शब्द दिला होता."

टेलरने ड्रेस तिच्या हातात दिला. भिंगरीने ड्रेस घातला, खांदे उडवून पाहिले. "आवळतोय."

"नवा आहे. सैल होईल."

"बरं. मी येते. पण टोचून घेईन, असं म्हटलेलं नाही."

शाळेच्या हॉलमध्ये लसीकरण चाललं होतं. नंबर आला, भिंगरी खुर्चीवर बसली आणि सिस्टर तिची बाही वर सरकवू लागल्या. बाही कोपराशी अडली ती अडलीच. वरून गळा ओढून पाहिला, तोही हलेना.

"काय गं बाई! कुठल्या टेलरने शिवला हा?" सिस्टर वैतागल्या.

टेलरने छताकडे पाहिलं.

भिंगरी टुणकन उठली. "होत नाही ना? मग चला, बाबा, घरी."

खरं सांगायचं तर टेलरला हायसं वाटलं. शब्दही मोडायला नको आणि दोष बाहीचा. पण ऑक्सिजनच्या मास्कवरचे लेकीचे ते थकलेले डोळे त्याच्यापुढे आले आणि त्याचे पाय जागचे हलेनात. त्याने खिशातून धागे कापायची छोटी कात्री काढली.

"बस खाली," तो म्हणाला. "शब्द दिला होता आणि तो मी मोडतोय. रागव माझ्यावर, हवं तर महिनाभर बोलू नकोस. पण तुला त्या कॉटवर परत बघायची ताकद माझ्यात नाही गं."

एकेक टाका तुटत गेला. शिवण उलगडली आणि आतून दंड बाहेर आला. चांगला भरलेला, शिवणीचा लाल वळ उठलेला. टेलर बघतच राहिला. त्याच्या हाताला पाठ होता तो दवाखान्यातून आणलेला, काडीसारखा दंड. हा कुणाचा?

"अगं, केवढी झालीस तू!"

"कधीपासून सांगतेय, ड्रेस आवळतोय म्हणून," भिंगरी म्हणाली. बापाचे भरलेले डोळे तिने पाहिले. मग दंड सिस्टरपुढे केला. "घ्या टोचून. बाबा, तुम्ही तिकडे बघा. तुम्हाला सुई बघवत नाही."

टेलरने निमूटपणे भिंतीकडे तोंड केलं. मागून "झालंसुद्धा!" असा आवाज आला, तेव्हा कुठे त्याने कात्रीवर आवळलेली मूठ सैल केली.

घरी येताना भिंगरी उसवलेली बाही हवेत फडकवत चालली होती. दुकानाशी आल्यावर तीच आत शिरली आणि ताठ उभी राहिली. टेलरने गळ्यातली टेप काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीला लावली. लस टोचलेली जागा सांभाळून त्याने दुसरा दंड मोजला, मग परत एकदा मोजला.

"आणि बाबा, जरा ढिलं ठेवा," भिंगरी म्हणाली. "अजून वाढायचंय मला."